भाकरी ज्वारीचीच आहे ना? : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी पुण्यात राहते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिला सीलिअ‍ॅक हा आजार आहे. गहू, मैदा, रवा, जव यांतलं ग्लूटेन हे प्रथिन तिच्या पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतलं मखमलीसारखं अस्तर झडत जातं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त वाढत नाही, उंची खुंटते. या आजाराला गोळी नाही, इंजेक्शन नाही. जन्मभर ग्लूटेन न खाणं, एवढाच उपचार.

गेल्या वर्षी तिच्या आजोबांच्या पंच्याहत्तरीला आम्ही सगळे शहरातल्या एका हॉटेलात जेवायला गेलो. मुद्दाम पिठलं-भाकरी मिळणारं हॉटेल निवडलं होतं. वाढप्याला मी नेहमीसारखं विचारलं, "भाकरी ज्वारीचीच आहे ना?" तो म्हणाला, "हो ताई, शंभर टक्के ज्वारी." भाकरी आली. लेकीनं अर्धी खाल्ली. उरलेली मी मोडायला घेतली आणि माझा हात थांबला. ज्वारीची भाकरी मोडली की न ताणता तुटते, कडेला भुगा पडतो. ही ताणली गेली, पोळीसारखी.

मी उठून भटारखान्याच्या दाराशी गेले. भाकऱ्या करणाऱ्या मावशींनी काहीच लपवलं नाही. "थापायला वेळ कुठंय, लाटूनच काढतो. दोन मुठी कणीक घातल्याशिवाय लाटताना चिरते ना बाई," त्या म्हणाल्या. परातीतलं पीठही दाखवलं. त्यांच्या दृष्टीनं ती ज्वारीचीच भाकरी होती आणि वाढप्याच्या दृष्टीनंही. खोटं कुणीच बोललं नव्हतं. लेकीला दीड तासानं उलट्या सुरू झाल्या त्या पहाटेपर्यंत थांबल्या नाहीत. पुढचे तीन दिवस शाळा बुडली. आजोबा अजूनही म्हणतात, मी हॉटेलचा हट्ट धरायला नको होता.

आजोबांचा काय दोष, साहेब? आणि त्या मावशींचा तरी काय? म्हणूनच हे पत्र कुणाची तक्रार करायला लिहिलेलं नाही, त्या हॉटेलचं नावही मी देत नाही. हे सगळं ज्या एका गोष्टीअभावी घडलं ती आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून आपल्याला लिहिते आहे. पदार्थात काय घातलंय हे सांगण्याची सक्ती आणि ते सांगता येण्याचं शिक्षण, ही ती गोष्ट.

'ग्लूटेन-फ्री' हा श्रीमंतांचा शौक आहे असं अनेकांना वाटतं. शौक म्हणून गहू सोडणारे लोक आहेत, हे मला मान्य आहे. त्यांच्यामुळे आमचं बोलणं हलक्यात घेतलं जातं. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" हे वाक्य मी सासरच्या लग्नात ऐकलं, शाळेच्या सहलीत ऐकलं, हॉटेलच्या काउंटरवर तर कितीदा ऐकलं त्याची मोजदाद नाही. आपल्याच देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ग्लूटेन-फ्री म्हणायची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम ठरवली आहे. चमचाभर कणकेत शेकडो मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. तेव्हा 'थोडंसं' म्हणजे नेमकं किती, हे आधीच ठरलेलं आहे. ते भटारखान्यापर्यंत पोचलेलं नाही.

बाहेर जेवताना माझी सगळ्यात जास्त दमछाक होते ती हिंगानं. बाजारातल्या डबीत निखळ हिंग क्वचितच असतो. हिंगाचा चीक फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो बाजारात येतो, आणि हे पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते छापलेलंही असतं. पण फोडणीत पडला की हिंगाचा पत्ता कुणालाच लागत नाही. वरण, आमटी, सांबार, पिठलं, बटाट्याची भाजी, ताक. महाराष्ट्रातल्या थाळीत हिंगावाचून काय उरतं? भात आणि दही. माझ्या मुलीनं कित्येक हॉटेलांत खरोखर तेवढंच खाल्लं आहे. तांदळाच्या पिठातला हिंगही बाजारात मिळतो. हॉटेलवाल्यानं वाण्याकडून ती डबी मागवली तर अर्धी थाळी तिच्यासाठी मोकळी होईल. पण ती मागवायची हे त्याला कुणीतरी सांगायला हवं ना!

हिंगासारख्याच आणखी जागा आहेत. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो. कोथिंबीर वडी खुसखुशीत व्हावी म्हणून कुणी त्यात रवा घालतं. बटाट्याचे वेफर निर्धोक, पण तळले त्याच कढईत ज्यात आधी मैद्याच्या करंज्या काढल्या. आणि आपली घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, तांदळाची भाकरी, सोलकढी, भगर, राजगिरा? यांत गव्हाचा कणही लागत नाही. निसर्गतः ग्लूटेन नसलेलं इतकं अन्न ज्या प्रांताच्या ताटात आहे, तिथं माझ्या मुलीनं उपाशी का उठावं?

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, आणि ते आपल्याच देशाच्या पुढाकारानं जाहीर झालं होतं. ज्वारी, बाजरी, नाचणीचा गौरव झाला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. तेव्हापासून शहरातल्या मेनूकार्डावर नाचणीचा डोसा आणि ज्वारीचा पिझ्झा जागोजागी दिसू लागला. आत जाऊन विचारलं की बहुतेक ठिकाणी कळतं, निम्मा मैदा आहे.

लोक मला सांगतात, हॉटेलवाल्यांना हे जमणार नाही, त्यांच्याकडे वेळ नसतो. मला हे पटत नाही. आषाढी एकादशीला पुण्यातली साधी साधी हॉटेलंही उपवासाचं वेगळं काढतात. तेल वेगळं, झारा वेगळा, मिठाचं भांडंसुद्धा वेगळं. 'जैन' म्हटलं की कांदा-लसणाचा हात लागलेली पळी बाजूला ठेवली जाते, पावभाजीच्या गाडीवरचा मुलगाही ते सांभाळतो. पाकिटावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका आता शाळेतल्या पोरांनाही ओळखता येतो. वेगळं राखणं ही आपल्या स्वयंपाकघराची जुनी सवय आहे. व्रतासाठी जे आपण इतक्या श्रद्धेनं करतो ते आजारी लेकरासाठी करायला कुणाचा विरोध असेल, असं मला वाटत नाही. फक्त हा आजार आहे, हे माहीत नाही.

आता कायद्याविषयी. ज्यांच्या दहा किंवा अधिक शाखा आहेत किंवा ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे, अशा उपाहारगृहांनी मेनूवर कॅलरी आणि अ‍ॅलर्जीकारक घटक लिहायचे, असा नियम 2020च्या लेबलिंग विनियमांत आहे आणि तो 2022पासून लागू आहे. ग्लूटेन असलेली धान्यं, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, कवचवाले जलचर, सुका मेवा, सोयाबीन ही सगळी नावं त्या यादीत आहेत. मी अशा साखळी हॉटेलांत जाते तेव्हा मेनूवर कॅलरीचे आकडे बरेचदा सापडतात. अ‍ॅलर्जीची माहिती मागितली की मॅनेजर "संकेतस्थळावर असेल" म्हणतात. टेबलावर बसलेल्या उपाशी मुलीला संकेतस्थळाचा काय उपयोग?

पहिली विनंती हीच. आपले अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला जातात तेव्हा झुरळं, फ्रीजचं तापमान, पाण्याचा अहवाल पाहतात, ते पाहायलाच हवं. त्याच फेरीत त्यांनी मेनूकार्डही हातात घ्यावं आणि अ‍ॅलर्जीचे घटक लिहिलेत का, ते बघावं.

पण आम्ही जेवतो ते बहुतेक एकट्या-दुकट्या हॉटेलांत, खानावळींत. त्यांना हा नियम बांधत नाही. युरोपात डिसेंबर 2014पासून लहान-मोठ्या प्रत्येक उपाहारगृहाला 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. आपल्याकडे तसं व्हावं यासाठी राज्यानं दिल्लीत आग्रह धरावा. तोवर आपल्या हातातलंही बरंच आहे. दर 25 कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्न सुरक्षा पर्यवेक्षक असावा, अशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फॉस्टॅक' या प्रशिक्षणाची व्यवस्था आहेच. त्या वर्गात अर्धा तास अ‍ॅलर्जी आणि सीलिअ‍ॅकला द्या, तोही मराठीत आणि हिंदीत. भटारखान्यात चिकटवायला एक कागद द्या: हिंगात गहू, भाजणीत गहू, सोया सॉसमध्ये गहू, भाकरीला कणीक लावू नये, पोळीचा तवा धुतल्याशिवाय त्यावर आंबोळी घालू नये. आज प्रत्येक बिलावर चौदा आकडी परवाना क्रमांक छापला जातो. तो नियम आला तेव्हाही कुरकुर झाली असेल, पण आता छापतातच.

आणि हे फक्त गव्हाचं नाही. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. महाराष्ट्रात कूट कशात नसतं? खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, ठेच्यात. माझ्या मुलीला चुकीच्या घासानं तीन दिवस त्रास होतो. त्या मुलाचा श्वास काही मिनिटांत अडकू शकतो. त्याची आई त्याला बाहेर जेवायला नेतच नाही.

एक चांगला अनुभवही सांगते. कोकणात जाताना घाटाच्या पायथ्याशी एका घरगुती खानावळीत थांबलो होतो. तिथल्या काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हिंगाची डबी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वाच तूच, मला चष्म्याशिवाय दिसत नाही." गहू निघाला. त्यांनी तवा राखेनं घासला, हात धुतले, तांदळाच्या भाकरी थापल्या आणि नुसत्या जिऱ्याच्या फोडणीची वेगळी आमटी केली. वीस मिनिटं लागली. मुलगी तीन भाकरी जेवली.

त्या दिवसानंतर तिनं स्वतःच एक चिठ्ठी तयार केली आहे. बाहेर गेलो की ती वाढप्याच्या हातात देते. तिची प्रत या पत्रासोबत जोडते आहे. तिच्या शब्दांत ती अशी आहे:

"काका, मला गहू, मैदा, रवा, जव चालत नाही. खाल्लं तर मी आजारी पडते. हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय ते प्लीज वाचाल का? तवा धुऊन घेतलात तर मी थांबायला तयार आहे. मला भूक लागली आहे."

आपली नम्र,
एक आई, पुणे