कान मराठी, वाक्य इंग्रजी

नाशिक,
रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

बँकेच्या परीक्षेच्या सराव चाचणीचे फोटो मिळाले. गणित आणि रीझनिंग तुझे बाबा बघतील, त्यात मी पडत नाही. इंग्रजीचा उतारा तू छान सोडवला आहेस. गुण गेलेत ते वाक्यातली ‘चूक ओळखा’ या प्रश्नांमध्ये, आणि तिथे तुझा अभ्यास कमी पडला असं मला वाटत नाही. तू वाक्य मनात वाचतेस, कानाला बरं वाटलं की पुढे जातेस. क्लासमध्येही म्हणे ‘जे खटकेल ते चूक’ असं सांगतात. ज्यांच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी नांदतंय त्यांना खटकत असेल. आपला कान मराठी आहे, आणि पेपर काढणाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं. आपल्याला खटकणार नाही अशाच जागी तो चूक दडवतो.

हे वाक्य बघ: ‘द प्राइस ऑफ ओनियन्स इन लासलगाव अँड नियरबाय मार्केट्स हॅव फॉलन.’ वाचताना कुठे अडत नाही, कारण ‘हॅव’च्या शेजारी अनेकवचन बसलंय. पण उतरली काय? प्राइस. ती एकच, म्हणून ‘हॅज’. तेव्हा कानाला गप्प बसव, आधी क्रियापद शोध आणि त्याला विचार, तुझा कर्ता कोण? ‘ऑफ’पासूनचं मधलं सगळं बोटाने झाक. ‘द कलेक्टर, अलाँग विथ हिज ऑफिसर्स, वेअर प्रेझेंट’ यातही तीच युक्ती. ‘अलाँग विथ’, ‘ॲज वेल ॲज’ यांच्या मागून आलेले कर्त्यात धरायचे नाहीत, कलेक्टर एकटाच, म्हणून ‘वॉज’. ‘नायदर–नॉर’ असेल तर मात्र क्रियापद जवळच्याचं ऐकतं: ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर लेट’.

आता आपल्या भाषेची गंमत बघ. ‘मुलाने पुस्तकं वाचली आहेत’ म्हणताना आपलं क्रियापद मुलाला सोडून पुस्तकांच्या मागे जातं. इंग्रजीत ते कर्त्याला सोडत नाही. पुस्तकं दहा असली तरी मुलगा एक, म्हणून ‘द बॉय हॅज रेड’. माझ्या नववीच्या वर्गात ‘द बॉय हॅव रेड द बुक्स’ असं लिहिणारी मुलं आहेत. बाकीचे शिक्षक त्यांना कच्ची म्हणतात. मला तर वाटतं, ती मराठी व्याकरण चोख पाळतात, फक्त चुकीच्या ठिकाणी.

काळाचंही तेच. आपण ‘दहा वर्षांपासून नाशिकला राहतेय’ असं सरळ वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन इयर्स’ हे आपल्याला अगदी शुद्ध वाटतं. त्यात चुका दोन आहेत. मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम ‘हॅव बीन लिव्हिंग’ असं येतं, आणि दहा वर्षं हा कालावधी आहे म्हणून ‘फॉर’. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो: सिन्स २०१५, सिन्स मंडे.

‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ आपल्या ‘विषयी’ने घुसवलेला, तो काढायचा. ‘सुपीरियर’, ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ हे लॅटिनमधून तुलना पोटात घेऊनच आलेत, त्यांना ‘दॅन’ नको, ‘टू’ हवा, ‘प्रिफर’लाही ‘टू’च. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘ॲडव्हाइस’, ‘लगेज’ यांना शेपटीला ‘स’ लावायचा नाही. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं: ‘ॲन एमएलए’, ‘ॲन आवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. हे तुला येतं, घाईत सुटतं.

काही नियमांशी माझं स्वतःचं पटत नाही. ‘नन’नंतर अनेकवचन चांगले लेखकही वापरतात, ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत सर्रास चालतं. पण अशा परीक्षांची उत्तरसूची सहसा जुन्या पुस्तकी इंग्रजीला धरून असते. वाद घालायचा असेल तर दिवाळीला घरी आल्यावर माझ्याशी घाल, पेपरात नको.

आणि ‘नो एरर’, म्हणजे ‘चूक नाही’ या पर्यायाला इतकी घाबरू नकोस. फोटोत दिसतंय, बरोबर वाक्यातही तू ओढूनताणून चूक काढलीस. क्रियापद-कर्ता, काळ, वचन, शब्दयोगी अव्यय एवढं तपासलं आणि काही सापडलं नाही, तर बेधडक ‘नो एरर’. मात्र ज्या वाक्याचं कारण सांगता येत नाही, नुसतं ‘काहीतरी वाटतंय’, ते सोडून दे. बँकेच्या बहुतेक पूर्वपरीक्षांत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४० सेकंद. उताऱ्याला त्याहून जास्त लागतात, ते इथेच वाचवायचे असतात. शिवाय चुकलं की पाव गुण कापतात.

रोज शंभर वाक्यं सोडवून टिकमार्क करण्यापेक्षा वीसच सोडव. चुकलेलं प्रत्येक वाक्य वहीत उतरव आणि खाली कारण तुझ्या शब्दांत लिही, मराठीत लिहिलंस तरी चालेल. पुढच्या चाचणीनंतर मला गुण कळवू नकोस, ती वही पाठव.

मेसच्या डब्याबरोबर फळं खात जा. बाबांनी गणितासाठी रात्री नऊनंतर फोन करायला सांगितलंय.

तुझी,
आई