बाबा, एलियाही झोपला होता

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

परवा फोन ठेवता ठेवता बाबा, तुम्ही हळूच म्हणालात, "माझा विश्वासच कमी पडतोय गं." मी गप्प राहिले, कारण बोलले असते तर रडू आलं असतं. दोन दिवस ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. अक्षर मोठं काढलंय. आई, तरीही त्यांना लागलं नाही तर तू वाचून दाखव.

आजारपणानंतर तुमचं उपासनेला जाणं सुटलं, पवित्र शास्त्राची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली. त्यात भेटायला आलेलं कुणीतरी म्हणालं, प्रार्थना वाढवा, म्हणजे अशी मरगळ येणार नाही. हेतू चांगलाच असेल. पण मला ते पटत नाही, आणि शास्त्रातही मला तसं दिसत नाही.

शास्त्रातलं १ राजे हे पुस्तक, अध्याय १९ घ्या. तुम्हीच मला मांडीवर घेऊन सांगितलेला संदेष्टा एलिया. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला आणि त्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला. तुम्ही गोष्ट तिथेच संपवायचात आणि मला झोप लागायची. पुढचं मी मोठेपणी वाचलं, माझी नोकरी गेली त्या वर्षी. ईजबेल राणीचा, ठार मारीन असा एक निरोप येतो आणि हाच माणूस जीव घेऊन पळत सुटतो. चाकराला बैर-शेब्यात ठेवतो, एक दिवसाची वाट रानात एकटाच चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे.

देव त्याच्यावर रागावत नाही. एवढा अग्नी पाहिलास आणि तरी असा, असं विचारत नाही. झोपू देतो. दूत येऊन हात लावून उठवतो, खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. या 'पुन्हा'पाशी मी किती वेळा थांबले असेन! दूत दुसऱ्यांदा येतो तेव्हाही बोलणं तेच, खा, पुढची वाट तुला झेपायची नाही. देवाच्या डोंगरापर्यंतचे, होरेबपर्यंतचे ४० दिवस पुढे होते. प्रश्न, काम, सगळं त्यानंतर, आणि तेही वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत नाही. शांत, मंद वाणीत. मी एकटाच उरलो, असं तो म्हणत होता. देव सांगतो, बआलापुढे गुडघे न टेकलेले ७००० आहेत.

त्या वर्षी मला प्रार्थनेचा शब्द सुचत नव्हता. आई, तू मला एकही वचन ऐकवलं नाहीस. पांघरूण घातलंस, उशाशी पाणी ठेवलंस आणि बाहेर बसून माझ्या वाटची प्रार्थना केलीस. दार पुरतं लागलं नव्हतं गं. मला सगळं ऐकू येत होतं.

आणि बाबा, तुमचं जुनं शास्त्र माझ्याकडे आहे. ४२व्या स्तोत्रात लाल पेन्सिलीची रेघ आहे, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" या ओळीखाली. इतकी दाबून मारलेली की पानाच्या मागे बोट फिरवलं तरी लागते. हाच प्रश्न त्या स्तोत्रात दोनदा येतो, ४३व्यात आणखी एकदा. एकदा विचारून भागलं असतं तर स्तोत्रकर्त्याने तीनदा कशाला विचारला असता? ती रेघ तुम्ही कधी मारलीत ते मला माहीत नाही, मी कधी विचारलंही नाही. पण तेव्हाही तुमचा जीव असाच खचला असणार, आणि तेव्हाही तुम्ही ते प्रभूसमोरच मांडत होतात. वधस्तंभावर प्रभूने स्वतः "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" अशी हाक मारली. ती २२व्या स्तोत्रातली. त्या हाकेला मी कमी पडलेला विश्वास म्हणूच शकत नाही, मग तुमच्या परवाच्या वाक्याला कशी म्हणू?

तर सध्या वाचता येत नाही याचा घोर लावून घेऊ नका. दुपारी झोप येते ना, झोपा. आई देईल ते खा. रोज रात्री नऊ वाजता मी फोन करीन आणि एक स्तोत्र वाचीन, सुरुवात ४२व्यापासून. आई, फोन त्यांच्या उजव्या कानापाशी धर. बाबा, तुम्ही काही म्हणायला नको, नुसतं ऐका. आमेन तूर्त आई म्हणेल.

तुमची लेक