बाई, तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

चित्रकलेच्या वर्गात पहिल्या दिवशी तुम्ही समोर एक कप ठेवलात आणि म्हणालात, "काढा." मी काढला. तोंड गरगरीत गोल, तळ पट्टीने आखल्यासारखा सरळ. वयाच्या ४२ व्या वर्षी हाताला वळण लागायचं नाही, अशी भीती मनात घेऊनच आलो होतो. तुम्ही चित्राबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. मला उठवलंत, माझ्या खुर्चीत बसलात आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून कपाकडे बघत राहिलात. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

उभं राहून पाहिलं तर कपाचं तोंड जास्त उघडं दिसतं, बसून पाहिलं तर चपटं. म्हणजे माझं चित्र तुमच्या जागेवरून तपासताच आलं नसतं. हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. मग तुम्ही कप उचलून थेट माझ्या डोळ्यांसमोर धरलात, तर तोंडाची नुसती आडवी रेघ झाली! हळूहळू खाली नेलात तसं ते लंबवर्तुळ रुंदावत गेलं. तळ तोंडाहूनही खाली असतो, म्हणून त्याची कमान तोंडापेक्षा जास्त गोल दिसते. कप टेबलावर सपाट बसतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तळ सरळ काढला होता. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून दिसतंय ते काढायला मला कित्येक आठवडे लागले, आणि तुम्ही एकदाही घाई केली नाहीत.

लांब रेघ मनगटातून नको, खांद्यातून ओढा. पेन्सिलीने माप घेताना एक डोळा मिटा आणि कोपर ताठ ठेवा, नाहीतर माप बदलतं. हे सगळं हाताच्या सवयीचं, ते सरावाने जमत गेलं. छायेने मात्र रडवलं. चेंडूच्या काळोख्या कडेला टेबलावरून परतलेला उजेड दिसला, त्या आनंदात मी तो पांढराशुभ्र ठेवला आणि चेंडूची गोलाई गेली. तुम्ही म्हणालात, "डोळे किलकिले करा." केले, तर तो उजेड छायेतच विरून गेला. छायेतला उजेड प्रकाशातल्या भागाइतका कधीच उजळ नसतो, हे तेव्हा पटलं. तोवर सगळं नेहमीच्या एचबी पेन्सिलीवर भागवत होतो. जास्त मऊ, गडद उमटणारी ४बी हातात घ्यायचं धाडस त्या दिवशी झालं.

आणखी एक सांगायचंय. शाळेत माझं एक चित्र दुसऱ्याच हाताने सुधारलं गेलं होतं. त्याला शाबासकीही मिळाली. घरी मी ते कुणाला दाखवलं नाही, आणि पुढे पेन्सिलच सुटली. तुम्ही दरवेळी माझ्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवलात आणि दुरुस्ती त्यावर केलीत. वर्षभरात माझ्या कागदावर तुमची एकही रेघ नाही. माझ्या वाकड्या रेघा माझ्याच राहिल्या, म्हणून त्या सरळ करायचा हुरूप टिकला.

सोबत कालचा कप पाठवतोय. तोंड किंचित डावीकडे कललंय, चित्र आरशात धरल्यावर दिसलं. तळ मात्र जरूर बघा.

तुमचा विद्यार्थी