येऊ नका म्हणालो त्याबद्दल

प्रिय आई, बाबा,

रात्रीचे पावणेतीन वाजलेत. ही आत्ताच बाळाला पाजून आडवी झालीये आणि बाळ माझ्या छातीवर पालथं पडलंय, एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर टाइप करतोय, त्यामुळे काना-मात्रा चुकल्या तर बाबा लाल पेन काढू नका. आणि आई, तू लगेच म्हणशील की असं छातीवर घेऊन झोपू नकोस रे, तर मी जागा आहे, खुर्चीत ताठ बसलोय, आणि डोळा लागायला लागला की त्याला त्याच्या कॉटमध्ये पाठीवर ठेवणार आहे. आधीच सांगून टाकलं.

रविवारी फोनवर मी जे बोललो ते डोक्यातून जात नाहीये. बोललो ते चुकीचं होतं असं नाही, पण ज्या आवाजात बोललो तो आवाज चुकीचा होता. त्याच्या आदल्या रात्री सगळी मिळून दोन तास झोप झाली असेल. तुम्ही बॅगा भरून ठेवल्या होत्या, आईने तर ती निळी बॅग काढली होती, म्हणजे मुक्काम महिन्याचा होता हे मला कळलं, आणि मी सरळ 'आत्ता येऊ नका' म्हणून मोकळा झालो. बाबांनी एक शब्द न बोलता फोन तुझ्याकडे दिला आणि तू म्हणालीस, "बरं. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." आई, हे 'बरं' मी ओळखतो. मी सायन्स सोडलं तेव्हाही हेच 'बरं' होतं.

पहिली गोष्ट, हा निर्णय हिचा नाही. माझा आहे. ही तर उलट म्हणत होती की येऊ देत, बघू. तिच्या आईलाही आम्ही थांबायलाच सांगितलंय आणि त्यासुद्धा रुसल्यात, त्यामुळे तुम्ही दोघी विहिणी वाटल्यास फोनवर आम्हाला मिळून शिव्या घाला, आमची हरकत नाही.

कारण बाबांचा खोकला. तीन आठवडे झाले तरी जात नाहीये आणि दरवेळी विचारलं की 'काही नाही रे, घसा खवखवतो' हेच उत्तर. मोठ्या माणसाला तो नुसता त्रास असतो, पण तो डांग्या खोकला निघाला आणि एवढ्याशा बाळाला झाला तर ते बाळ कधीकधी खोकतसुद्धा नाही, त्याचा श्वासच थांबतो. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ही माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. बाळाची स्वतःची लस अजून महिनाभर तरी लांब आहे. हिने सातव्या महिन्यात घेतली होती, त्यातलं थोडंफार संरक्षण बाळाला मिळतं, पण त्याच्या जिवावर मी बाबांना शेजारी बसवून खोकू देणार नाही. शिवाय तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १००.४, ताप आला की घरी काही करत बसायचं नसतं, थेट हॉस्पिटल, रक्त काढणार, कदाचित ॲडमिट करणार. साध्या सर्दीनेसुद्धा हे सगळं होऊ शकतं. एवढ्या हातावर सुई कुठे टोचतात ते मी एकदा बघितलंय, परत बघायचं नाहीये.

बाबा, तुमच्यामुळे काही होईल असं मी म्हणत नाहीये हो. पण झालंच असतं तर तुम्ही स्वतःला कधी माफ केलं नसतं, हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहितीये.

आता इथलं सांगतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. आम्ही ठीक आहोत. खरंच. जेवण वेळेवर होतं, म्हणजे हिचं होतं, माझं उभ्याने होतं. सिझरचे टाके सुकतायत. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही असं तिला सांगितलंय, त्यामुळे पाजणं सोडून बाकी सगळं माझ्याकडे: ढेकर काढणं, डायपर, कपडे, उशा रचून तिला उठवून बसवणं, पाण्याची बाटली भरून हाताशी ठेवणं. पाजायला बसलं की तिला इतकी तहान लागते की पहिल्या रात्री मी तीनदा उठलो, आता बाटली आधीच भरलेली असते. शिकतोय हळूहळू.

बाळाचं वजन विचारत होतीस ना. जन्मताना २ किलो ९०० ग्रॅम. घरी आणायच्या दिवशी काट्यावर २ किलो ७००. मी तिथेच हबकलो, वाटलं चार दिवसांत आपण पोराला वाळवलं. पण पहिल्या दिवसांत वजन उतरतंच, दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तरी डॉक्टर सहसा चिंता करत नाहीत, फक्त लक्ष ठेवतात, आणि दहा-चौदा दिवसांत ते भरून निघतं. काल ते २ किलो ८६० होतं. मी तो काट्याचा फोटो काढलाय, पाठवतो.

तू म्हणालीस दूध पुरत नसेल, वरचं द्या. आई, तुझं चुकलं नाही, माझ्याही मनात तेच आलं होतं, कारण दर दोन तासांनी भूक, दिवसात दहा-बारा वेळा पाजणं, आणि दुसऱ्या दिवशी तर दूधही नीट उतरलं नव्हतं, नुसता चीक. पण त्या नर्सबाई म्हणाल्या, बाळ किती प्यायलं ते तुम्हाला कळणार नाही, बाहेर किती आलं ते मोजा. पहिल्या दिवशी त्याला एका वेळी चमचाभर पुरतं, पोटच तेवढं असतं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी ओले डायपर आले की समजायचं पोट भरतंय. म्हणून मी एक वही केलीये. त्या वहीत वेळ, कुठल्या बाजूने पाजलं, शू, शी, सगळं. शीचा रंगसुद्धा. आधी डांबरासारखी काळी चिकट, पुसता पुसता नाकी नऊ आले, मग हिरवट, आता पिवळी आणि पातळ. ही हसते मला, म्हणते एवढ्या मन लावून अभ्यास केला असतास तर कुठल्या कुठे पोचला असतास. बाबा, ही वही तुम्हाला आवडेल, समास आखलेला आहे.

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं होतं ते तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. आता सांगतो कारण आता उतरलंय. तपासलं, लाइटखाली ठेवायची गरज पडली नाही, भरपूर पाजा म्हणाले, दोन दिवसांनी परत तपासलं, कमी होतं. चिडू नकोस. तुझं बीपी वाढून कावीळ उतरली नसती.

आणि एक भीती वाटणारी गोष्ट. बाळं झोपेत भराभर श्वास घेतात, मिनिटाला चाळीस ते साठ, आणि मधेच थांबतात. एकदम. पाच-सात सेकंद काहीच नाही, आणि मग परत सुरू, जसं काही झालंच नाही. हे नॉर्मल असतं, दहा सेकंदांच्या वर गेलं किंवा ओठ निळे पडले तर धावायचं, हे मला पाठ आहे, तरी पहिल्या रात्री मी दिवा न लावता त्याच्या नाकाखाली बोट धरून बसलो होतो. आणि मग लक्षात आलं की हे मी कुठे बघितलंय. बाबा, आजोबांच्या खोलीत. तुम्ही असेच बसायचात, उजव्या हाताचं मधलं बोट. मी दारातून बघायचो आणि तुम्हाला वाटायचं मी झोपलोय.

हिचं सांगायचं तर चौथ्या दिवशी ती दुपारभर रडली. कारण काही नाही. मोज्याची एक जोडी सापडत नव्हती, एवढंच. मी आपला मोजे शोधत बसलो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास असं बऱ्याच जणींना होतं म्हणे, शरीरातले हार्मोन एकदम खाली येतात, त्यात झोप नाही, आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्याहून लांबलं तर डॉक्टरांकडे जायचं, ते मी वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकून लिहून ठेवलंय. आई, तू एकदाच, एकदाच सांगितलं होतंस की माझ्या वेळी तू नळ सोडून बाथरूममध्ये रडायचीस, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तेव्हा मी 'हं' म्हणून मोबाइलमध्ये बघत बसलो होतो. तिला फोन करशील? सल्ला नको देऊस, दूध पुरतं का ते विचारू नकोस, फक्त ते नळाचं सांग.

आता एक खरं सांगतो, रागावू नका. फक्त खोकल्याचं कारण नाहीये. खोकला नसता तरी बहुतेक मी म्हणालो असतो की पंधरा दिवस थांबा. कारण मला माहितीये मी कसा आहे. आई, तू दारातून आत आलीस ना, की मी बाळ तुझ्या हातात देणार आणि झोपून जाणार. आणि उठेन तेव्हा तुला सगळं येत असेल आणि मला काहीच येत नसेल, आणि मग ते तसंच राहील. दादाच्या घरी काय झालं ते आपण तिघांनी बघितलंय, त्यावर मी जास्त लिहीत नाही. मला हे बाळ रडताना घाबरायचं आहे आणि मग ते गप्प होताना बघायचं आहे, आणि ते माझ्याच हातून व्हायला हवंय. तुमची गरज नाही असं अजिबात नाहीये. गरज एवढी आहे की म्हणूनच थांबा म्हणालो. वाचताना हे विचित्र वाटत असेल, मलाही लिहिताना वाटतंय, पण खोडत नाही.

तर आता ऐका नीट. बाबा, उद्या डॉक्टरकडे जायचं, परवा नाही, उद्या. छातीचा एक्स-रे काढायला सांगितला तर काढायचा, 'बघू पुढच्या आठवड्यात' चालणार नाही. खोकला पूर्ण गेला पाहिजे. दोघांनी डांग्या खोकल्याची लस आहे का ते विचारून घ्यायची, फ्लूची पण घ्यायची, आणि त्यानंतर दोन आठवडे जायला हवेत, तेवढा वेळ लागतो तिला काम करायला. मग तिकीट मी काढतो. तोवर माळ्यावर चढायचं नाही, स्टुलावर उभं राहायचं नाही, बाळाच्या जुन्या वस्तू काढायला तर अजिबात नाही, मला माहितीये तुम्ही तेच करत असाल. आई, गुडघ्याला तो पट्टा लाव, कपाटात ठेवून गुडघा बरा होत नाही. रात्रीची गोळी रात्रीच घ्या, आठवलं की नाही.

आणि आल्यावरचे नियम: आल्या आल्या हात साबणाने, बाळाच्या तोंडाची पापी नाही, पायाची घ्या हवी तेवढी. उशी नाही. सहा महिने दुधाशिवाय काही नाही, पाण्याचा थेंबपण नाही. बोलताना फार कडक वाटत असेन, पण तुम्ही आलात की यातले निम्मे तुम्हीच मला ऐकवाल.

टोपडं मिळालं, आई. खूप मोठं झालंय, नाकापर्यंत येतं, पण ही म्हणते तिसऱ्या महिन्यात बरोबर बसेल. नाळ आज सकाळी पडली, डायपर बदलताना हातात आली, वाळक्या काळ्या काडीसारखी. काही लावलं नव्हतं, फक्त कोरडी ठेवली होती. फेकवली नाही, काडेपेटीत ठेवलीये. कशासाठी ते विचारू नका.

बाबा, व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात ना की नात माझ्याकडे बघतच नाही. अहो तिला सध्या वीतभर, फार तर दीड वीत अंतरावरचंच दिसतं, पाजताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढंच. मोबाइलमध्ये तुम्ही तिच्यासाठी एक उजेडाचा ठिपका आहात. पण ऐकू मात्र सगळं येतं. आत असल्यापासून येतं.

काल रात्री दीड वाजता काहीच चालेना. पाजून झालं, डायपर कोरडा, ढेकर काढली, तरी रडणं थांबेना, म्हणून मी तिला खांद्यावर टाकून फेऱ्या मारायला लागलो आणि आपोआप तोंडातून एकोणतीसचा पाढा सुरू झाला, तुमच्याच चालीत, शेवटचा शब्द ओढून. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे. आणि सोळोदरसेला ती गप्प झाली. पुढचं मला आठवेना. मी परत पहिल्यापासून सुरू केलं, अकरा वेळा सोळोदरसेपर्यंत गेलो.

तर पूर्ण पाढा म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवा. घाई नको, फेऱ्या मारताना म्हणायचात तसा सावकाश. मधे खोकला आला तर कापू नका, राहू द्या. किती आहे ते मला कळायला हवंय.

उठली. तीन वाजून पाच मिनिटं, डावी बाजू.

तुमचा,
बाळाचा बाबा
(अजून हे लिहायला जमत नाही)