मागच्या खोलीतली

मँचेस्टर,
१२ जानेवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आईला मोठ्याने वाचायला सांग, मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं आहे. अळिवाचे लाडू पोचले, एकही फुटला नाही. छकुली आता साडेतीन महिन्यांची झाली. मान धरते, आणि खिडकीतून पाऊस दिसला की एकटक बघत बसते. इथे दुपारी चारलाच अंधार पडतो. रात्री दोनला तिला पाजायला उठते तेव्हा गल्लीत एक दिवासुद्धा नसतो, आणि तिला मांडीवर घेऊन मी फोनवर भुताच्या गोष्टी वाचते. गेले दोन महिने दुसरं काही वाचलंच नाही. आई म्हणेल, बाळंतिणीने असलं वाचू नये. आई, तू थोडा वेळ थांब, आजीला पुढचं वाचून दाखव.

आजी, मी वाचतेय त्या सगळ्या बायकांनी लिहिलेल्या गोष्टी आहेत, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या. सुरुवात घराजवळच झाली. आमच्याकडून बाबागाडी ढकलत जाता येईल एवढ्या अंतरावर प्लिमथ ग्रोव्हवर एक मोठं घर आहे, ८४ नंबरचं. एलिझाबेथ गास्केल ही इंग्रज लेखिका तिथे १८५० पासून राहायची. नवरा धर्मोपदेशक, पदरात चार मुली. एक मूल मेलेलं जन्मलं, एक मुलगा तान्हा असतानाच स्कार्लेट फीव्हरने गेला. त्या मुलाच्या दुःखातून बाहेर यावं म्हणून नवऱ्याने तिला कादंबरी लिहायला सुचवलं. ते घर आता बघता येतं. मी जेवणघरात बराच वेळ उभी राहिले, छकुली झोपली होती म्हणून.

१८५२ च्या नाताळात तिने म्हाताऱ्या दाईची गोष्ट लिहिली. दाई मुलांना जवळ बसवून सांगते, तुमची आई लहान होती तेव्हाचं हे. इथपर्यंत वाचलं आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. कुकर उतरवलेला, तू पाटावर, आम्ही सगळे तुझ्या पदराला धरून. त्या गोष्टीत बर्फात एक लहान मुलगी येते आणि खिडकीबाहेरून हाक मारते. घरच्या म्हाताऱ्या मालकाने आपल्या मुलीला आणि तिच्या लेकराला थंडीच्या रात्री बाहेर काढलेलं असतं, लेकरू गारठून मरतं. आणि चहाडी केलेली असते सख्ख्या बहिणीने. ती बहीण म्हातारी होऊन त्याच घरात बसलेली आहे, आणि शेवटी ते सगळं तिला डोळ्यांनी बघावं लागतं. ही गोष्ट ज्या साप्ताहिकात छापली, त्याचा संपादक चार्ल्स डिकन्स होता. त्याचं म्हणणं, भुतं फक्त दाई सांभाळते त्या लहान मुलीलाच दिसू देत. गास्केलने ऐकलं नाही. तिला ती सगळ्यांनाच दिसायला हवी होती. मला हे फार पटलं. घरात घडलेलं सगळ्यांनी मिळून झाकायचं आणि दिसायचं मात्र एकट्या पोरीला, हे कसं चालेल? त्या साप्ताहिकावर लेखकांची नावं छापत नसत, म्हणून गोष्टीखाली तिचं नावही नव्हतं.

आता तुझी गोष्ट. नारायण पेठेतला वाडा, मागचा चौक, कात्रजच्या नळाचं पाणी यायचं तो हौद. पहाटे हौदावर काचेच्या बांगड्या वाजायच्या, घागर बुडाल्याचा आवाज यायचा, आणि उजाडल्यावर काठावर ओली पावलं. मी दरवेळी विचारायचे, उलटी पावलं ना? आणि तू दरवेळी म्हणायचीस, नाही गं, चांगली सरळ होती. ती मागच्या खोलीतली सून. पहिल्या बाळंतपणात ताप भरला, आणि बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही अशी तेव्हाची समजूत. पाणी मागत मागत गेली. उशाखाली कोयता होता, दाराशी दिवा होता, हडळ आत येऊ नये म्हणून सगळा बंदोबस्त होता. पाण्याचा तांब्या तेवढा नव्हता.

बाबा वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तकं आणायचे. त्यातल्या समर्थकथा मी पांघरुणात शिरून वाचल्यात आणि मला आजही आवडतात. तिथे कुणीतरी जाणता येतो आणि वाईटाला हाकलतो. तुझ्या गोष्टीत कुणी कुणाला हाकलत नसे. तू नवी नवरी होतीस, तुला कळलं आणि तू रोज रात्री मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर पाणी भरून तांब्या ठेवायला लागलीस. बस, एवढीच गोष्ट. लहानपणी मला ती अर्धवट वाटायची.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. आईलाही सांगितलेलं नाही, म्हणून आई, वाचताना थांबू नकोस. पहिल्या महिन्यात मला बरं नव्हतं. अंगाने नव्हे. दिवसभर रडायला यायचं, छकुली झोपली तरी झोप लागायची नाही, आणि आपण हिला धड सांभाळू शकणार नाही असं सारखं वाटायचं. इथे घरी नर्स येते, ती बाळाचं वजन करते आणि आईलाही विचारते. तिने दहा प्रश्नांचा एक कागद दिला, १९८७ साली एडिंबरात तयार झालेला. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच घाबरायला झालं का, असे साधे प्रश्न. मी तिसऱ्या प्रश्नावर हुंदके देऊन रडले. औषध चालू आहे, दर आठवड्याला बोलायला जाते, आणि आता खरंच बरी आहे. काळजी करू नका.

त्याच दिवसांत शार्लट पर्किन्स गिलमनची पिवळ्या वॉलपेपरची गोष्ट हाती आली, १८९२ सालची. बाळंत झालेली बाई, डॉक्टर नवरा तिला विश्रांतीसाठी माडीवरच्या खोलीत ठेवतो. लिहायचं नाही, विचार करायचा नाही. तिला भिंतीवरच्या कागदाच्या नक्षीमागे एक बाई दिसायला लागते, गज धरून हलवणारी. गिलमन स्वतः मुलीच्या जन्मानंतर अशीच खचली होती आणि नावाजलेल्या डॉक्टरने तिला बजावलं होतं की जन्मात पुन्हा लेखणीला, ब्रशला हात लावू नकोस. ती लावून मोकळी झाली आणि वाचली. गोष्टीतली बाई शेवटी जवळजवळ सगळा कागद ओरबाडून काढते. वाचताना मला भीती वाटली नाही. कुणीतरी माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं.

आणि आजी, त्या बाईला गोष्टीत धड नावच नाही. मग मी नावंच शोधत बसले. मेरी शेलीची पहिली मुलगी १८१५ साली दिवस भरायच्या आधी जन्मली आणि थोड्याच दिवसांत गेली, नाव ठेवायच्या आत. पुढे मेरीला स्वप्न पडलं की बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळलं आणि जिवंत झालं. वर्षभराने, अठराव्या वर्षी, तिने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतलं. त्यातल्या मेलेल्यांतून उठवलेल्या जीवाला शेवटपर्यंत नाव नाही. १८१८ साली पुस्तक आलं त्यावर मेरीचंही नव्हतं, ते १८२३ च्या आवृत्तीवर आलं. शार्लट रिडेल नवऱ्याचं कर्ज लिहून फेडत राहिली. तिच्या भुताच्या घरांत भाडं, करार, घरमालकीण आणि भाडेकरू असतात, आपल्या पेठेतल्या वाड्यांसारखे. तीही पुस्तकांवर मिसेस जे. एच. रिडेल, म्हणजे नवऱ्याची आद्याक्षरं. व्हायोलेट पॅजेटने तर व्हर्नन ली हे पुरुषी नाव घेतलं.

तुझंही नाव लग्नात ताटातल्या तांदळात बदललं. माहेरचं नाव तू आम्हाला एकदाच सांगितलंस, तेही मामेआजोबा गेले त्या दिवशी, कारण त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

छकुलीचं नाव बेचाळीस दिवसांच्या आत सरकारी नोंदवहीत लिहावं लागलं. ऑफिसातल्या बाईने आईचं लग्नाआधीचं आडनाव विचारलं, त्याला वेगळा रकाना आहे. मी ते सांगितलं आणि घरी येताना बसमध्ये सगळा वेळ मागच्या खोलीतली डोक्यात होती. इतकी वर्षं आपण तिला ‘मागच्या खोलीतली’च म्हणतो. वाडा पाडला, हौद बुजवला, तिथे आता पार्किंग आहे. तू सोडून तिला ओळखणारं कुणी नाही, आणि तूही तिला पाहिलं नव्हतंस, सासूबाईंकडून ऐकलंस.

सासूबाईंनी तिचं नाव घेतलं होतं का? आठवून बघ. कुणाची सून, कुठल्या गावची, काही असेल ते. माहेरचं नाव आठवलं तर आधी ते सांग. मी रविवारी तुमच्या दुपारी चारला फोन करते, वही घेऊन बसेन. बाळाचं काय झालं तेही विचारायचं आहे, ते तू कधीच सांगितलं नाहीस.

आईला आणि बाबांना नमस्कार. थेंब वेळेवर घाल.

तुझी,
मनू