पुरवठा शाखेतल्या आमच्या काकांना, जाहीर थँक्यू

काका, नमस्कार. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही माहितीये. पण अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेला माणूस आमच्या बचत गटासाठी एवढी कागदं चाळतो त्याचं थँक्यू फोनवर उरकणं बरं दिसत नाही.

आमच्या रेशन दुकानाचा परवाना रद्द केला, आणि आदेशात कारण काय तर 'खुलासा समाधानकारक नाही'. बास. तक्रार कसली, तपासणीत सापडलं काय, काही म्हणजे काही नाही. आम्ही सगळ्या जणी तावातावाने आमची चूकच नाही हे सांगत होतो आणि तुम्ही म्हणालात, असेलही चूक, ते नंतर बघू, आधी सांगा तक्रारीची कॉपी तुम्हाला दिली होती का? राग आला होता तेव्हा तुमचा, खरंच.

मग तुम्ही एकेक गोष्ट समजावलीत, की नोटिशीत आरोप स्पष्ट हवा, ज्या कागदावरून कारवाई करताय तो दाखवायला हवा, उत्तराला वेळ हवा आणि आमचं म्हणणं का पटलं नाही ते आदेशातच लिहायला हवं. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं द्यायची हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे म्हणे, आम्ही आपल्या अर्ज आणि दहा रुपयांच्या तिकिटापुढे कधी गेलोच नव्हतो.

वर दाद मागितली तर ऑफिसने नवीनच कारणं जोडून पाठवली. तुम्ही हसलात नुसते. मोहिंदर सिंग गिल केस काढलीत, १९७७ च्या फिरोजपूर निवडणुकीवरची. आदेशात नसलेली कारणं मागाहून शपथपत्रात घुसडता येत नाहीत, न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी तर लिहून ठेवलंय की आदेश म्हणजे काही जुनी वाईन नव्हे, मुरल्यावर चांगली व्हायला. आमच्या अध्यक्षबाई अजून हे सगळ्यांना ऐकवतात!

आदेश रद्द झाला. तुम्ही आधीच बजावलं होतं की याचा अर्थ जिंकलो असा नाही, फक्त नव्याने सुनावणी. त्यातही ज्यांनी तपासणी केली तेच साहेब निकालाला बसणार होते, तेव्हा तुम्ही १९६९ ची क्रायपाक केस सांगितलीत, काश्मीरच्या वनखात्यातला एक अधिकारी निवड मंडळावर पण होता आणि स्वतः उमेदवार पण, स्वतःच्या नावाच्या वेळी बाहेर गेला तरी सुप्रीम कोर्टाने ती निवड उडवली. लेखी अर्ज दिला, अधिकारी बदलून मिळाले.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल देव जाणे, पण यावेळी तक्रारीची कॉपी हातात आहे आणि साठा रजिस्टर शेजारी ठेवून ओळीओळीला उत्तर लिहिलंय. मसुदा पोराबरोबर पाठवतेय, शुद्धलेखन सोडून बाकी सगळं तपासा. झेरॉक्सचे पैसे तुम्ही घेत नाही म्हणून सोबत शेंगदाण्याची चटणी आहे, ती मात्र परत पाठवायची नाही.