मॉनिटर डेस्कवरच्या ताईंना

ताई,

स्टेजवर आम्हाला आमचाच आवाज ऐकवणाऱ्या तुम्ही, पण तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. काळा टीशर्ट, कमरेला गॅफर टेप, असे त्या दिवशी स्टेजमागे दहाजण तरी होते. म्हणून माझीच ओळख सांगते: दुपारच्या तिसऱ्या बँडमधली, गुंऽऽ करणारी बेस गिटारवाली.

फुकटातल्या मैदानी फेस्टिवलला तिकीट काढलेला माणूस नसतो, त्यामुळे पैसे वसूल करायला कुणी थांबत नाही. ऊन लागलं, कंटाळा आला की लोक सरळ उठून जातात. आमच्यासारख्या नाव न ऐकलेल्या बँडच्या हातात पहिलं गाणं, बस्स. साउंडचेक नव्हताच. बँड बदलायला वीस मिनिटं, त्यातच लाइन चेक, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज मिक्सरपर्यंत पोचतोय ना एवढंच बघणं.

त्यातली आठ गेली तरी माझ्या बेसमधला हम, ती सततची गुणगुण, जाईना. तो विजेच्या लाइनचा, 50 हर्ट्झचा, आणि आमचं पहिलं गाणं नेमकं जी या सुरात. बेसचा खालचा जी 49 चा. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला एक हेलकावा, होडीत मळमळल्यासारखं. मी केबल बदलल्या, पेडल काढलं. आमचा गिटारिस्ट तर ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन टेपने गुंडाळायला बसला.

तेवढ्यात तुम्ही टॉर्च दातांत धरून रांगत आलात. आधी त्याच्या हातावर चापटी, मग टॉर्च काढून, ‘‘अर्थ काढायचा नाही. तारांवर हात असताना ओठ माइकला लागले की झटका बसतो.’’ बिचारा अजून प्लग दिसला की हात मागे घेतो.

मग माझ्या बेसचा व्हॉल्यूम शून्यावर नेलात. हम तसाच. म्हणजे पिकअपचा, तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकाचा, दोष नाही, म्हणालात. ॲम्प आणि मिक्सर दोन वेगळ्या जागी अर्थ झालेत, त्या वळशातून येतोय. आणि बेसचा सिग्नल मिक्सरला पाठवणाऱ्या डब्यावरचं, डीआय बॉक्सवरचं, तो वळसा तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण पेनच्या टोकाने सरकवलंत. शांत! ते बटण मी चार वर्षं बघतेय, कधी हात लावला नव्हता.

दुसऱ्या गाण्यात गायिकेचा आवाज ऐकू येईना म्हणून मी कानाकडे बोट नेत होते, ते पोचायच्या आत तुम्ही वाढवलात. पुढच्या रांगा शेवटपर्यंत बसून होत्या.

उतरले तेव्हा तुम्ही चौथ्या बँडच्या ड्रम्सखाली होतात. नुसते पाय दिसत होते. पायांना काय थँक्यू म्हणणार?

तुमचं पेन माझ्या ॲम्पवर राहिलंय. निळं, टोपण चावलेलं. बेसच्या केसमध्ये ठेवलंय, भेटलात की देते.